उमेदवार निवडताना : मन आणि हिशेब

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार पक्षनेते परस्पर ठरवीत नाहीत. राज्याराज्यांतील मतदार तो ‘प्रायमरी’त निवडतात. तेथील नागरिक झालेल्या आपल्या आप्तस्वकीयांपुढेही मग प्रश्न उभा राहतो : मनाला पटेल त्याला मत द्यावे, की जिंकू शकेल त्याला?

२०२० ची डेमोक्रॅटिक प्रायमरी याबाबत उद्बोधक आहे. जो बायडन आयोवात चौथे, तर न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले. मात्र २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाने त्यांना भरघोस विजय दिला. लगोलग पीट बुटिजेज व एमी क्लोबुचर यांनी माघार घेऊन बायडन यांना पाठिंबा दिला. ३ मार्चला १४ राज्यांत मतदान होते. पण कॅलिफोर्नियात टपाली मतदान महिनाभर आधीच सुरू झाले होते. माघार घेतलेल्यांना तोवर दिलेली मते परत फिरविता आली नाहीत. शिवाय राज्यात वा मतदारसंघात १५ टक्के मते न मिळणाऱ्यास तेथील प्रतिनिधी मिळत नाहीत.

म्हणून घाई नसावी. टपाली मत हाती असले तरी मुदत पाहून थांबावे. भाषणापेक्षा उमेदवाराची पूर्वीची कामगिरी तपासावी. आपण व्यापारी माणसे. कराचा हिशेब प्रथम मांडणार. परंतु मुलांचे शिक्षण, आरोग्यसेवा, स्थलांतरितांविषयीचे धोरण हेही त्याच वहीत नोंदवावे. घरातील मते भिन्न असतील, तर चर्चा जरूर व्हावी. मत मात्र ज्याचे त्यानेच ठरवावे.