द्राक्षारिष्टातील साका : दोष की स्वभाव?

थंडीचे दिवस आले, की आमच्याकडे द्राक्षारिष्टाच्या काही बाटल्या हमखास परत येतात. तळाशी साका दिसतो, औषध नासले असे रुग्णास वाटते, आणि विक्रेता वाद नको म्हणून बाटली बदलून देतो. त्या बाटलीतही साका धरला, म्हणजे वैद्यावरचाच विश्वास डळमळतो.

तांबड्या द्राक्षमद्यातील साक्याचे कोडे पाश्चात्त्यांनी केव्हाच उलगडले आहे. द्राक्षात टार्टरिक आम्ल व पोटॅशियम विपुल असते. या दोहोंचा क्षार पाण्यात मुळातच कमी विरघळतो. मद्यार्क वाढला व तापमान उतरले, की त्याहूनही कमी. म्हणून तो स्फटिकरूपाने खाली बसतो. शिवाय सालीबियांतील टॅनिन व रंगद्रव्ये कालांतराने परस्परांस जोडली जाऊन जड होतात व त्यांचा काळपट थर जमतो. फ्रान्समधील बोर्दोची जुनी बाटली याच कारणाने आधी उभी ठेवतात, मग वरची निवळ अलगद दुसऱ्या पात्रात ओततात आणि साका गळ्याशी येताच थांबतात. साका आहे म्हणून ती बाटली कोणी परत करीत नाही!

द्राक्षारिष्टात ही कारणे आहेतच. त्यांत धातकीपुष्पांतील कषाय द्रव्ये, प्रक्षेपद्रव्यांचे सूक्ष्म कण व किण्वाचे अवशेष यांची भर पडते. थोडा साका कढत पाण्यात घालून पाहावा. स्फटिक विरघळतात, काळपट थर बहुधा तसाच राहतो.

मात्र प्रत्येक गढूळपणा निर्दोष नव्हे. पृष्ठभागावर पांढुरकी साय, झाकण काढताच उसळणारा फेस, किंवा शुक्तासारखा उग्र आंबट वास, यांपैकी काहीही आढळल्यास ती बाटली रुग्णास देऊ नये. संधान पुरे होण्याआधीच बाटल्या भरल्या, तर शिल्लक गुळावर किण्व पुन्हा काम करू लागते. फेस बहुधा त्याचाच. आंबट वास अर्धवट रिकाम्या बाटलीत हवा शिरल्याने येऊ शकतो. अशा वेळी 'साका नैसर्गिक आहे' हे वेष्टनावरील वाक्य पुढे करणे ही रुग्णाची दिशाभूल होय.

बाटली हलवून औषध द्यावे की निवळ द्यावी, याविषयी वैद्यांत मतभेद आहेत. आम्ही निवळीच्या पक्षाचे आहोत. निर्मात्यांनी गाळलेले अरिष्ट बाटल्या भरण्यापूर्वी काही आठवडे थंड जागी निवळू दिले, तर पुष्कळसा साका पिंपातच राहील.