जुन्या सायकलींची ओळख (भाग ७) : क्रोम नसलेली वर्षं

मागच्या भागात १९३०च्या दशकातल्या इंग्रजी क्लब सायकली पाहिल्या. रेनॉल्ड्सच्या नळ्या, कोरीव लग (नळ्यांच्या सांध्यावरच्या बाह्या), झगझगीत क्रोम आणि अवघं अकरा-बारा किलो वजन. या भागात त्यापुढची, १९३९ ते १९४५ ही युद्धाची वर्षं घेऊ. या काळातल्या हलक्या सायकली ओळखायला अवघड आहेत आणि हौशी मंडळींच्या हातून सर्वांत जास्त नासतातही त्याच. म्हणून आज जरा सावकाश जाऊ.

आधी कारखान्यांची स्थिती. टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीकडे १८९७पासून होतं. त्याच तंत्राने मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ‘५३१’ ही नळी त्यांनी १९३५ साली बाजारात आणली आणि हलक्या सायकलींचं चित्र पालटलं. युद्ध आलं तसा हा कारखाना विमानांच्या कामाला जुंपला गेला. स्पिटफायरच्या पंखांचे मुख्य दांडे तिथे तयार होऊ लागले. नॉटिंगहॅमचा रॅलीचा कारखाना दारूगोळ्याच्या कामाला लागला. बीएसए तर मुळात बंदुका बनवणारीच कंपनी. तिच्या स्मॉल हीथच्या कारखान्यावर १९ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन बॉम्ब पडले आणि ५३ कामगार जागीच गेले. अशा दिवसांत चैनीच्या सायकलींसाठी पोलाद, निकेल, क्रोम कोण देणार? लंडनमधले छोटे कारागीर शिलकीतल्या नळ्या आणि लग वापरून जमेल तशा फ्रेमी जोडत राहिले.

याचा अर्थ सरळ आहे. युद्धकाळात खरोखर बनलेली हलकी सायकल दुर्मीळ असते. ‘वॉरटाइम’ म्हणून दाखवली जाणारी सायकल बरेचदा १९३८-३९ची निघते, नाहीतर १९४६ची, जुने सुटे भाग बसवलेली.

पण सायकल चालवायची हौस मात्र या वर्षांत ओसरली नाही. सप्टेंबर १९३९मध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं आणि १९४२च्या उन्हाळ्यात खासगी मोटारींचा साधा कोटाही बंद झाला. रस्ते मोकळे पडले. पर्सी स्टॅलर्ड या वुल्व्हरहॅम्प्टनच्या सायकलपटूने नेमकी हीच संधी साधली. सगळ्यांनी एकदम सुटायची शर्यत रस्त्यावर घ्यायला तिथल्या नॅशनल सायक्लिस्ट्स युनियनची मनाई होती. ती झुगारून त्याने ७ जून १९४२ रोजी वेल्समधल्या लँगॉलेनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत ५९ मैलांची शर्यत भरवली. ती अल्बर्ट प्राइसने जिंकली. भाग घेणाऱ्यांवर बंदी आली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांनी ‘ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायक्लिस्ट्स’ ही स्वतःची संघटना काढली. ब्रिटनमधल्या आजच्या रस्ता-शर्यतींचं मूळ या बंडात आहे. त्या काळातली एखादी साधी काळी फ्रेम मला म्हणूनच मोलाची वाटते.

आता ओळखीच्या खुणा.

पहिली खूण क्रोमची. युद्धकाळात हँडल, क्रँक, रिम, हब यांवर चकाकीऐवजी काळा रंग चढला. पण काळा रंग दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. नंतरच्या कुणी मालकानेही तो फासलेला असू शकतो. त्यासाठी उजेडाची बाजू सोडून आडोशाच्या जागा बघायच्या. हँडलचा स्टेम जिथे आवळतो तो पट्टा, क्रँकची चेनव्हीलकडची आतली बाजू, दिव्याच्या ब्रॅकेटखालची जागा. रॉकेलच्या बोळ्याने मळ काढा आणि भिंग लावून रंग उडालेल्या एखाद्या टवक्याची कड पाहा. काळ्या रंगाखाली क्रोमचा आणि निकेलचा पापुद्रा दिसला, तर रंग मागाहून आलेला आहे. रंगाखाली थेट करडं पोलाद असेल, रंग काचेसारखा कडक आणि आडोशालाही सारखाच बसलेला असेल, तर तो बहुधा कारखान्यातल्या भट्टीतून आला आहे. या एका तपासणीला अर्धा तास लागला तरी चालेल.

दुसरी खूण हबची. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब १९३६चा. युद्धापूर्वी त्याच्या कवचावर सालाचा शेवटचा अंक ठोकलेला असे. ९ म्हणजे १९३९. युद्धानंतर सालाचे दोन अंक आणि महिना येऊ लागला. मात्र हे साल हबचं असतं, सायकलचं नव्हे. चाकं बदलली जातात, म्हणून हबच्या जोरावर फ्रेमचं साल कधीही ठरवू नका.

तिसरी खूण नळीची. त्यासाठी सीटची दांडी काढून व्हर्नियरने मोजा. व्यास २७.२ मिलिमीटर भरला तर फ्रेम ५३१च्या पातळ नळीची असण्याची शक्यता चांगली. त्याहून बराच कमी भरला तर नळी जाड आहे. फ्रेमवरच्या स्टिकरवर विसंबू नये, तशी नवी स्टिकरं विकत मिळतात. मागच्या मडगार्डवरचा पांढरा पट्टाही पुरावा नव्हे. ब्लॅकआउटमुळे तो गाजला खरा, पण तो युद्धाआधीपासून होता. मूळ टायरांची आशा तर सोडूनच द्या. १९४२च्या सुरुवातीला मलायातले रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले (जपानी पायदळ तिथे सायकलींवरूनच पुढे सरकलं होतं), आणि रबराची टंचाई झाली.

या सगळ्यांत वेगळी म्हणजे बीएसएची घडीची सायकल. छत्रीधारी सैनिकांसाठी ती १९४२पासून बनू लागली. हेडपासून मागच्या चाकाकडे वाकत जाणाऱ्या जुळ्या नळ्या, घडीच्या जागी हाताने फिरवायचे विंग नट आणि पायडलऐवजी आत सरकवता येतील असे नुसते खुंट, ही तिची ठेवण. क्लब सायकलीइतकी ती हलकी नव्हती. छत्रीपेक्षा ती जहाजातूनच जास्त उतरली. ६ जून १९४४ला नॉर्मंडीच्या ज्यूनो किनाऱ्यावर कॅनडाच्या सैनिकांनी अशा सायकली खांद्यावर घेतलेली छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. खरेदीत एक धोका लक्षात ठेवा. युद्धानंतर बीएसएने याच धाटणीची, जुळ्या नळ्यांची पण घडी न होणारी मुलांची सायकलही विकली. बिजागरी नसेल तर ती सैनिकी सायकल नाही. अस्सल नमुना पाहायचा तर लांब जायला नको, पुण्यात कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात तो आहे.

आपल्याकडच्या वाड्यांतून निघणाऱ्या रॅली, हर्क्युलस, हंबर या बहुतेक दणकट रोडस्टर असतात. हलकी क्लब सायकल क्वचितच हाती लागते. लागलीच, तर एक विनंती. तिला क्रोम करायला धाडू नका आणि नवा रंग देऊ नका. तो मूळ काळा थर एकदा घासून काढला की ती १९४२ची होती हे सांगणारं काहीच उरत नाही. धुऊन, तेल घालून, आधी सगळ्या नंबरांचे फोटो काढून ठेवा.

पुढच्या भागात अमेरिकेतली ‘व्हिक्टरी’ सायकल.