क्लाउड उपयोजन सेवेचे प्रत्यक्ष कार्यान्वयन : ग्रामीण महाविद्यालयाच्या संदर्भात

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे स्थलांतर करतात. अशा कुटुंबातील विद्यार्थी कधी फडावरूनच मोबाईलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो व उत्पन्नाचा दाखला जोडतो. तो दाखला नाहीसा झाला, तर मुदतीत परत येणे त्यास शक्य नसते. म्हणून महाविद्यालयाची ऑनलाईन अर्जप्रणाली कशी चालविली जाते, हा केवळ संगणकशास्त्र विभागाचा प्रश्न नाही. प्रस्तुत लेखात या कामाची मूलतत्त्वे स्पष्ट केली आहेत.

संकल्पना :
उपयोजन सेवा म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम स्वीकारून त्यासाठी सर्व्हर, भारवाटप व देखरेख यांची उभारणी करणारी व्यवस्था होय. गूगल ॲप इंजिन २००८ मध्ये, तर ॲमेझॉनची इलॅस्टिक बीनस्टॉक ही सेवा २०११ मध्ये सुरू झाली. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये कार्यान्वित झाल्याने माहिती देशातच ठेवणे सुलभ झाले. बीनस्टॉकला स्वतंत्र शुल्क नाही. वापरलेल्या सर्व्हरचे व साठवणुकीचे शुल्क मात्र द्यावे लागते.

मांडणीतील महत्त्वाच्या बाबी :
१) माहितीची साठवण : या सेवेत सर्व्हर तात्पुरता असतो. तो बिघडल्यास सेवा त्याच्या जागी नवा सर्व्हर आणते आणि जुन्या सर्व्हरच्या डिस्कवरील दाखले नष्ट होतात. त्यामुळे दाखले स्वतंत्र फाईल-साठवण सेवेत ठेवावेत. डेटाबेसही सर्व्हरच्या मांडणीपासून अलग असावा. अन्यथा मांडणी काढून टाकताना तोही जाण्याचा धोका राहतो.

२) क्षमता : भारवाटप असलेल्या मांडणीत बीनस्टॉक मूलतः एक ते चार सर्व्हर ठेवते व बाहेर जाणाऱ्या माहितीच्या प्रमाणावरून संख्या वाढविते. अर्ज भरताना मात्र माहिती मुख्यतः आत येते. म्हणून प्रोसेसरवरील भार किंवा प्रतिसादाचा वेळ हा निकष निवडणे अधिक योग्य. शिवाय अंतिम तारीख परिपत्रकात आधीच कळते. त्या दिवसांसाठी किमान सर्व्हरसंख्या वेळापत्रकानुसार वाढवून ठेवता येते.

३) नवी आवृत्ती : सर्व सर्व्हरवर एकाच वेळी बदल केल्यास सेवा काही काळ खंडित होते. टप्प्याटप्प्याने बदल करावा, पूर्वीची आवृत्ती परत आणण्याची तयारी ठेवावी आणि अंतिम तारखेच्या आठवड्यात बदल टाळावा.

४) देखरेख व गोपनीयता : केवळ मुखपृष्ठ उघडते म्हणून प्रणाली सुस्थितीत आहे असे मानू नये, आरोग्य तपासणीत डेटाबेसशी संपर्कही तपासावा. पासवर्ड प्रोग्राममध्ये न लिहिता स्वतंत्र गुप्त साठवणीत ठेवावेत. खर्चमर्यादेची सूचना लावावी. मात्र अशी सूचना खर्च आपोआप थांबवीत नाही, हे ध्यानात घ्यावे.

समारोप :
क्लाउड सेवा यंत्रांचा भार उचलते, जबाबदारीचा नव्हे. महाविद्यालयाने एक जबाबदार प्राध्यापक व एक पर्यायी व्यक्ती नेमावी. प्रत्येक सत्रापूर्वी राखीव प्रतीवरून एक अर्ज त्याच्या दाखल्यासह प्रत्यक्ष परत मिळवून पाहावा. ही चाचणी यशस्वी झाली, तरच दूरच्या फडावरील विद्यार्थ्याचा अर्ज सुरक्षित आहे असे म्हणता येईल.