बाटलीवर लिहिलेलं नाव गावाचं की द्राक्षाचं? इटलीच्या रेड वाइनचं कोडं हापूसमुळे सुटतं

आंगणेवाडीच्या जत्रेमुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेलं मालवण तालुक्यातलं गाव म्हणजे मसुरे. इथली ओळख द्राक्षांची नाही, आंबा-काजूची. तरीही इटलीच्या रोजच्या जेवणातली रेड वाइन ओळखायची युक्ती मसुऱ्याच्या माणसाला आधीच येते. हापूस ही आंब्याची जात आणि देवगड हा शेजारचा तालुका. दोन्ही जुळलं, तरच तो देवगड हापूस.

इटलीतही हाच हिशोब आहे. ‘किआंती’ हे द्राक्षाचं नाव नाही, तो टस्कनीतला भाग आहे. 1716 साली तिथल्या ग्रँड ड्यूकने त्याची हद्द ठरवून दिली. द्राक्षाची जात आहे सांजोवेझे, आणि नियमानुसार किआंतीत ती किमान 70 टक्के लागते.

काही बाटल्यांवर जात आणि गाव दोन्ही असतं. ‘बार्बेरा द आस्ती’ म्हणजे आस्ती भागातली बार्बेरा. बार्बेरा ही जात आंबटसर, म्हणून तेलातुपाच्या जेवणासोबत चालते.

खरी गंमत ‘मोंतेपुल्चानो’ची. या नावाचं टस्कनीत गाव आहे आणि याच नावाची द्राक्षाची जातही आहे. ‘मोंतेपुल्चानो द आब्रुत्सो’ या वाइनमध्ये ती जात असते. पण ‘व्हिनो नोबिले दि मोंतेपुल्चानो’ ही त्या गावची वाइन, आणि तिच्यात मुख्य द्राक्ष सांजोवेझेच!

महाराष्ट्रातही सांजोवेझे

ही जात आपल्याकडेही पिकते. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीच्या सेच्ची कुटुंबांतल्या भावांनी मिळून ‘फ्रातेली’ ही कंपनी काढली. फ्रातेलीचा अर्थच ‘भाऊ’. तिथे सांजोवेझेची लागवड आहे. इटलीत द्राक्षाची तोडणी पावसाळा संपता संपता होते, महाराष्ट्रात हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर. जात एकच, पण माती आणि हवामान वेगळं, म्हणून चवही वेगळी. त्यामुळे अकलूजची वाइन कितीही चांगली झाली, तरी ती ‘किआंती’ होत नाही. वाशीच्या बाजारात हिवाळ्यात येणारा मलावीचा हापूस देवगडचा होत नाही, तसंच.

नावाचा हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, ही कोकणातल्या बागायतदारांची जुनी तक्रार. 2018 मध्ये सिंधुदुर्गासह कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला जीआय मानांकन मिळालं, ते त्यासाठीच.

म्हणून पेटी असो वा बाटली, दोनच प्रश्न विचारायचे. जात कुठली? आणि गाव कुठलं?