घरातला ससा गेल्यानंतर

धाराशिव, भूम, परंडा, कळंब या बाजारपेठेच्या गावांत जैन व्यापाऱ्याच्या घराची सायंकाळ सूर्यास्ताशी बांधलेली असते. दिवस मावळण्यापूर्वी जेवणे उरकतात, स्वयंपाकघर आवरले जाते आणि चौविहाराचे पच्चक्खाण घेतले जाते. ज्या घरी ससा असतो तेथे नेमक्या याच वेळी एका जिवाचा दिवस सुरू होतो. ससा भर दुपारी निपचित पडून राहतो. त्याची खरी जाग पहाटेची आणि तिन्हीसांजेची. चातुर्मासात स्वतः पालेभाजी वर्ज्य करणारी आजीदेखील त्याच्यासाठी मेथी-कोथिंबिरीची जुडी आवर्जून आणवते. म्हणून तो गेल्यावर पहिली उणीव जाणवते ती सायंकाळी. वाटी धुऊन पालथी ठेवलेली असते आणि मुले त्या कोपऱ्याकडे पाहण्याचे टाळतात.

व्यापारी घरात प्रत्येक गोष्टीला खाते असते. गाय दूध देते, कुत्रा राखण करतो, पूर्वी घोडा-बैल माल वाहत. सशाचे नाव कोणत्याही जमेच्या बाजूला लिहिता येत नाही. तो काही देत नाही, हाकेला धावून येईलच असे नाही, त्याचा आवाजही क्वचितच ऐकू येतो. तो केवळ थोडी जागा घेतो. तरीही सहा-सात वर्षांच्या सहवासानंतर तो जातो, तेव्हा पेढीवर बसलेल्या कर्त्या पुरुषाचेही डोळे भरून येतात. एवढ्याशा प्राण्यासाठी इतके दुःख कशाला, असे शेजारी म्हणतात आणि घरचे लोक मनातल्या मनात संकोचतात.

हा संकोच बाळगण्याचे कारण नाही. आपल्या परंपरेत सशाला स्थान आहे. ज्ञाताधर्मकथा या आगमातील मेघकुमाराची कथा सर्वपरिचित आहे. वणव्यापासून वाचण्यासाठी मेरुप्रभ हत्तीने मोकळे केलेले मैदान वनातील प्राण्यांनी गच्च भरून गेले. अंग खाजविण्यासाठी हत्तीने पाय उचलला आणि त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. हत्तीने पाय खाली टेकवला नाही. अडीच दिवस-रात्र तो तसाच उभा राहिला. वणवा शमला, ससा निघून गेला, आणि आखडलेला पाय टेकविताना हत्ती कोसळला. पुढे तोच जीव राजगृही श्रेणिक राजाचा पुत्र मेघकुमार म्हणून जन्मला. दीक्षेच्या पहिल्याच रात्री त्याचे मन डळमळले, तेव्हा भगवान महावीरांनी त्याला हाच पूर्वभव सांगून स्थिर केले. कथेतील सशाला नाव नाही. त्याने उपकाराची फेड केली असेही कथा सांगत नाही. त्याने जागा घेतली आणि हत्तीने ती दिली, एवढाच व्यवहार. पण त्या देण्याने हत्तीचे भवितव्य बदलले.

मरणाऱ्या तिर्यंच जिवाला धर्म ऐकविण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. जीवंधरकुमाराने मरणोन्मुख कुत्र्याच्या कानी णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव देवगतीला गेला, असे पुराणकार सांगतात. जळत्या लाकडातील नागयुगुलावर पार्श्वकुमारांनी केलेली करुणा तर घराघरांत सांगितली जाते. तेव्हा सशाच्या अखेरच्या घटकेला घरच्या मंडळींनी त्याच्याजवळ बसून नवकार म्हटला असेल, तर त्यात भाबडेपणा शोधू नये.

मात्र घरातील वडीलधारी मंडळी आणखी एक गोष्ट सांगतात, तीही खरी आहे. प्रिय वस्तूच्या वियोगाने सतत झुरत राहणे हे आर्तध्यान होय, आणि आर्तध्यान तिर्यंचगतीचे कारण मानले आहे. मग शोकाचे करायचे काय? त्याला हिशेबाला बसवावे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाळीव प्राण्याच्या बाबतीत हे पाचही थेट घरापर्यंत येतात.

ससा दिवसभर अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडला गेला असेल, तर तो बंध. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपर्यंत चढतो. सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पत्र्याखालचा पिंजरा त्याच्या जिवावर बेतू शकतो. त्याचे मुख्य अन्न गवत. दात आयुष्यभर वाढत असल्याने ते झिजण्यासाठी वाळके गवत सतत चघळावे लागते. चित्रातला ससा गाजर खातो, पण गाजर गोड असल्याने थोडेच चालते. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात त्याचे काही अडत नाही. दुखणे लपविणे हा त्याचा स्वभाव आहे. अर्धा दिवस त्याने तोंड हलविले नाही, तर उद्याची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे लागते. चांगली निगा राखल्यास ससा आठ ते बारा वर्षे जगू शकतो. हे वाचताना एखाद्या घराला आपली चूक आठवेल. ती मुलांपासून लपवू नये. संवत्सरीला वा क्षमावाणीला आपण सर्व जिवांची क्षमा मागतो. त्या दिवशी सशाचे नाव घेऊन, झालेली चूक उच्चारून क्षमा मागावी. मुलांना त्यातून क्षमापनेचा खरा अर्थ समजेल.

देह शेताच्या बांधाला दोन-तीन फूट खोल पुरावा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. मुलाचे रडणे थांबविण्यासाठी दुसऱ्याच दिवशी दुकानातून नवा ससा आणू नये. एका जिवाच्या जागी दुसरा ठेवता येतो, असा चुकीचा धडा त्यातून मिळतो. जोडीतला एक ससा मागे उरला असेल, तर तोही उदास होतो, खाणे कमी करतो. त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे. त्याला अभयदान म्हणून माळावर सोडणे ही दया नव्हे. पाळीव ससा परदेशी रानसशाच्या वंशातला. आपल्या माळावर त्याचा निभाव लागत नाही. उलट सुगीच्या दिवसांत बांधावर सापडणारे आपल्या रानसशाचे पिल्लू घरी आणू नये. त्याची आई दिवसा दूर राहते आणि पाजण्यापुरती परत येते. शिवाय रानससा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे.

याच जिल्ह्यातील कुंथलगिरी हे कुलभूषण-देशभूषण मुनींचे सिद्धक्षेत्र. तेथेच १९५५ साली चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबर रोजी देह ठेवला. सल्लेखनेच्या विधीत प्रथम वैर सोडायचे असते आणि त्याच्यासोबत स्नेहही. गृहस्थाला स्नेह एकदम सुटत नाही, पण तो एकाच जिवापाशी अडकून न ठेवता विस्तारता येतो. जुडीचे पैसे महिन्याला पांजरपोळाला जावेत. कोपऱ्यातील वाटी उन्हाळ्यात गाळलेल्या पाण्याने भरून गच्चीवर सावलीत ठेवावी आणि ते पाणी रोज बदलण्याचे काम त्याच मुलाकडे द्यावे. सशाने घरात जी जागा केली होती, ती अशी मोकळी राहील.