विश्लेषण : पिकअपमध्ये रात्र काढायची तर अंथरूण कसे निवडावे?

बाजार समितीतला मुक्काम असो, पिकाची जागल असो, सैलानीची यात्रा असो की लोणारची सहल. पिकअपच्या हौद्यात रात्र काढणाऱ्यांची संख्या कमी नाही. मात्र गादी कोणती, तंबू कुठला याआधी काही साधे प्रश्न विचारावे लागतात. त्यांची उत्तरे चुकली तर प्रश्न केवळ झोपमोडीचा राहत नाही, जिवावरही बेतू शकते.

पिकअपमध्ये मुक्काम कोण करतो?

उंद्री हे बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यातले, खामगाव-चिखली रस्त्यावरचे गाव. उदयनगर या नावानेही ते ओळखले जाते. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा हा या भागातला माल आणि तो बाजारात पोहोचवणारी गाडी म्हणजे पिकअप. हंगामात खामगाव किंवा चिखलीच्या बाजारात रांग लागली, की मालाच्या राखणीसाठी गाडीतच रात्र काढावी लागते. रोही आणि रानडुकरे पिकात शिरू नयेत म्हणून शेतात जागल करणारेही पिकअप बांधावर लावून तिच्यातच आडवे होतात. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी यात्रेत तर मालवाहू गाडी हेच अनेक कुटुंबांचे चार-पाच दिवसांचे घर असते.

दुसरीकडे शहरांत ‘पिकअप कॅम्पिंग’ हा छंद म्हणून रुजतो आहे. डबल केबिनची गाडी, टपावर उघडणारा तंबू, मागे छोटी शेगडी असा त्याचा थाट. दोघांच्या खिशात फरक असला तरी गरज एकच आहे. अंगाखालची जागा उंच, सपाट, कोरडी आणि हवेशीर हवी. अंथरुणाची निवड या चार कसोट्यांवर करायची.

जमिनीवर झोपले तर काय बिघडते?

गाडी शेजारी उभी करून खाली सतरंजी टाकणे हा सर्वांत स्वस्त पर्याय. धोकाही त्यातच जास्त. मण्यार हा अतिविषारी साप रात्री फिरतो आणि त्याचे दंश बहुतांश वेळा जमिनीवर झोपलेल्या माणसांना होतात. दंश फारसा दुखत नाही, सूजही नसल्यासारखीच असते. त्यामुळे माणूस पुन्हा झोपतो आणि काही तासांनी पापण्या जड होणे, गिळता न येणे, श्वास अडखळणे अशी लक्षणे दिसू लागतात. भारतात २००० ते २०१९ या २० वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या काळातले.

पिकअपचा हौदा जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच असतो. ही उंची आणि गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी एवढ्या दोन गोष्टींनी धोका मोठ्या प्रमाणात घटतो. खालीच झोपायचे असेल तर तळ शिवलेला, चेनने पूर्ण बंद होणारा तंबू हवा. नुसती ताडपत्री ताणून केलेला आडोसा पुरेसा नाही. दंशाची शंका आली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. जखम कापणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे हे सगळे टाळावे.

हौदा किती लांब हवा?

आपल्या उंचीपेक्षा किमान अर्धा फूट जास्त. या हिशेबात शेतकऱ्याची साधी गाडी महागड्या गाडीला मागे टाकते. टाटा एससारख्या छोट्या हत्तीचा हौदा सुमारे सात फूट लांब असतो. बोलेरो पिकअपचा हौदा प्रकारानुसार आठ ते दहा फुटांच्या घरात जातो. या गाड्यांचा हौदा चाकांच्या वर असल्याने तळ सपाट मिळतो. सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद बाजही त्यात सहज बसते.

याउलट टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस यांसारख्या डबल केबिन गाड्यांत निम्मी जागा मागच्या आसनांना जाते. हौदा उरतो तो पाच फुटांच्या आसपास. शिवाय चाकांचे उंचवटे दोन्ही बाजूंनी आत आलेले असतात. साडेपाच फुटी माणूस फाळका लावून त्यात सरळ झोपू शकत नाही. पाच बाय पाच फुटांच्या चौकोनाचा कर्ण सात फुटांचा भरतो, म्हणून एकट्याला तिरके झोपता येते. पण मग दुसऱ्याला जागा उरत नाही. दोघांना झोपायचे असेल तर फाळका उघडा ठेवावा लागतो किंवा उंचवट्यांच्या पातळीवर प्लायवूडचा ओटा बसवून खाली सामान ठेवावे लागते. टपावरच्या तंबूला अशा गाड्यांच्या मालकांकडून मागणी असते, त्याचे एक कारण ही तोकडी लांबी आहे.

मोजपट्टी घेऊन लांबी, रुंदी आणि उंचवट्यांमधले अंतर ही तीन मापे घ्यावीत. गादी त्यानंतर घ्यावी.

वर दोन घोंगड्या असूनही थंडी का वाजते?

कारण थंडी खालून येते. हौद्याचा पत्रा पोलादी असतो आणि पोलाद फोमच्या हजारपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेते. अंगाखाली पातळ चादर असेल तर शरीराची ऊब रात्रभर पत्र्यात जिरत राहते. त्यातच निरभ्र रात्री उघडा पत्रा आकाशाकडे उष्णता फेकतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो. पहाटे गाडीच्या टपावर दव साचलेले दिसते ते यामुळेच. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. या पठारी भागात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. तेवढी थंडी पत्र्यावर झोपलेल्याला पुरेशी छळते.

उपाय म्हणजे अंगाखाली हवा कोंडून धरणारा थर. बंद छिद्रांच्या फोमची चटई यासाठी उत्तम. ती पाणी शोषत नाही, गुंडाळता येते आणि काटा लागून निकामी होत नाही. हवा भरायची गादी मऊ असते, पण तिच्या आतली हवा खेळती राहिल्यास ऊब टिकत नाही. म्हणून थंडीत तिच्याखाली किंवा वर फोम हवाच. कापसाची गादी घरातल्यासारखी झोप देते, मात्र ओल धरते आणि लवकर वाळत नाही. स्लीपिंग बॅगचा अंगाखालचा भाग वजनाने दबतो, त्यामुळे एकट्या बॅगेवर विसंबून चालत नाही. चटया विकताना ‘आर व्हॅल्यू’ नावाचा आकडा दिलेला असतो. तो जितका मोठा, तितकी चटई थंडी जास्त अडवते. विदर्भातल्या हिवाळ्याला दोनच्या आसपासचा आकडा पुरतो.

विकतचे काही घ्यायचे नसेल तर खाली कोरड्या बारदानाचे दोन-तीन थर, त्यावर फोम किंवा जाड सतरंजी आणि वर गोधडी ही रचना चांगली काम देते. सोयाबीनचे कुटार अंथरण्याचा मोह टाळलेला बरा. त्याची धूळ घशात जाते, अंगाला खाज सुटते आणि ठिणगी पडली तर ते पेट घेते. उन्हाळ्यात गणित उलटे होते. दिवसभर तापलेला पत्रा सायंकाळनंतरही काही वेळ गरम राहतो. तेव्हा हौद्यात बाज ठेवली की खालून वारा खेळतो. हीच बाज थंडीत वापरायची तर दोऱ्यांवर जाड गोधडी अंथरावी लागते. नाही तर तोच वारा अंग गारठवतो.

वर काय हवे? ताडपत्री, मच्छरदाणी की तंबू?

उघड्या हौद्यात मच्छरदाणी लावून झोपणे मार्च ते मेपर्यंत सोयीचे. चार कोपऱ्यांना पाइप उभे करून दोरी ताणली की काम होते. थंडीत दव पडू लागले की वर छत लागते. ताडपत्री आकाश झाकते, त्यामुळे दव अंथरुणावर पडत नाही आणि ऊबही कमी निसटते. मात्र ती चारही बाजूंनी आवळून बांधू नये. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. हवा खेळली नाही तर ते ताडपत्रीच्या आतून थेंबाथेंबाने पांघरुणावर उतरते. पुढून-मागून वीतभर फट ठेवणे हा सोपा मार्ग. पावसाळ्यात कमानींवर ताणलेली, मागच्या बाजूला उतार असलेली ताडपत्रीच टिकते. सपाट ताडपत्रीत पाणी साचून ती खाली येते.

टपावरचा तंबू दोन-तीन मिनिटांत उघडतो आणि आत गादी असतेच. पण तो सगळ्यांत महाग पर्याय असून त्याचे वजन साधारण ५० ते ७० किलो भरते. चालत्या गाडीच्या टपावर किती भार चालेल, हे कंपनीच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच तो घ्यावा. उंचावरच्या वजनाने वळणावर गाडी जास्त झुकते. रात्री शिडी उतरावी लागणे वयस्कर माणसांना जाचक ठरते, हेही लक्षात घ्यावे.

केबिनमध्येच झोपले तर?

एकट्याला, पावसात, एका रात्रीपुरते चालते. मधला गिअर आणि तोकडी रुंदी यांमुळे पाय दुमडून राहतात आणि सकाळी गाडी चालवायला अंग मोकळे नसते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक झाले आहे. साडेतीन टनांपर्यंत एकूण वजनाच्या गाड्या त्यात येत नाहीत आणि बहुतेक पिकअप याच गटातल्या. वातानुकूलन असले तरी इंजिन चालू ठेवून झोपू नये.

जीवघेण्या चुका कोणत्या?

पहिली चूक म्हणजे कोंडलेल्या जागेत धूर. इंजिनाचा धूर, जनरेटर किंवा कोळशाची शेगडी यांतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, मग शुद्ध हरपते. झोपेत असलेल्याला तर तेवढीही सूचना मिळत नाही. विझत आलेली शेगडीसुद्धा ताडपत्रीच्या आत घेऊ नये.

दुसरी चूक गाडीखाली झोपण्याची. सावली आणि आडोसा मिळतो खरा, पण पहाटे गाडी हलवणाऱ्याला खालचा माणूस दिसत नाही. तिसरी चूक रस्त्याच्या कडेला मुक्काम करण्याची. बाजार समितीचे आवार, ओळखीचा ढाबा, पंपाची मोकळी जागा किंवा परवानगी घेतलेले शेत निवडावे. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकांना दगड लावावेत आणि उताराच्या वरच्या बाजूला डोके करून झोपावे.

चौथी चूक हौदा न धुता झोपण्याची. सकाळी खत किंवा कीटकनाशके वाहिलेल्या हौद्यात रात्री मूल झोपवले जाते. कीटकनाशकाची बाधा किती भयंकर असते, हे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फवारणी दुर्घटनेने दाखवले आहे. हौदा धुवून, वाळवून, प्लास्टिक अंथरूनच वर बिछाना टाकावा.

ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपास आणखी एक पथ्य पाळावे लागते. या जंगलात बिबटे आणि अस्वले आहेत. टिपेश्वरहून निघालेला एक वाघही २०१९ च्या अखेरीस येथे पोहोचला होता. वन विभागाच्या परवानगीशिवाय जंगलात मुक्काम करता येत नाही. जंगलालगतच्या शेतात झोपतानाही जेवणाचे डबे आणि खरकटे अंथरुणाजवळ ठेवू नये.

कायदा काय सांगतो?

थांबलेल्या गाडीत झोपणे वेगळे आणि चालत्या गाडीच्या हौद्यात माणसे नेणे वेगळे. मालवाहू गाडीच्या हौद्यातून प्रवासी वाहतूक करण्यास मनाई आहे आणि अपघात झाल्यास विम्याच्या भरपाईवरूनही वाद उभा राहतो. यात्रेला जाताना अंथरूण हौद्यात आणि माणसे एसटीत, हा मार्ग सुरक्षित. गाडीला कायमचे छत किंवा खोली वेल्ड करून घ्यायची असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा विचार करावा लागतो. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून काढता-घालता येणाऱ्या कमानी, ताडपत्री आणि प्लायवूडचा ओटा हेच सोयीचे. असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा केलेली बरी.

मग कोणी काय निवडावे?

माल घेऊन एक-दोन रात्री थांबणाऱ्या शेतकऱ्याला फोमची चटई, गोधडी आणि मच्छरदाणी पुरते. हौदा मालाने भरलेला असेल तर मालावर न झोपता केबिनचा किंवा बाजार समितीतल्या शेतकरी निवासाचा आसरा घ्यावा. भरल्या पोत्यांवरून घसरून पडण्याची भीती असते. महिनाभर जागल करणाऱ्याने बाज, कमानी आणि उतरती ताडपत्री अशी पक्की सोय करावी. लहान मुलांसह यात्रेला जाणाऱ्या कुटुंबासाठी धुतलेला हौदा, सलग फोम आणि फाळक्यापर्यंत पोहोचणारी मोठी मच्छरदाणी योग्य. डबल केबिनवाल्यांनी आधी ओट्याचा विचार करावा आणि वर्षात दहा-बारा रात्री तरी बाहेर काढणार असतील तरच टपावरच्या तंबूवर खर्च करावा.

निवड कोणतीही असो, पहिली रात्र घराच्या अंगणात काढून पाहावी. पाठ कुठे टोचते, पहाटे ओल कुठून येते, मच्छरदाणी कुठे उघडी पडते हे तिथेच कळते आणि दुरुस्तीला सगळे सामानही हाताशी असते.