उपवासाच्या ताटातील पृथ्वीगोल
(लेखमाला : घरातील भूगोल, लेखांक ६)

मागील लेखांकात, मुलाने आपले घर, अंगण आणि घरापासून वाण्याच्या दुकानापर्यंतची वाट खडूने जमिनीवर कशी उतरवावी, आणि तसे करताना दिशा व अंतर यांची जाण त्याला पुस्तकाआधीच कशी येते, याची हकीकत सांगितली होती. आता पाच ते आठ वर्षांच्या त्याच मुलाला, त्या वाटेच्या पलीकडच्या, त्याने कधी न पाहिलेल्या देशांची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न आपल्यापुढे आहे. आणि तो वरवर दिसतो त्याहून अवघड आहे, कारण ज्या वस्तूला हात लावता येत नाही ती या वयाच्या मुलाच्या लेखी जवळजवळ नसतेच.

माझ्या थोरल्या मुलाकडून मी त्याच्या सहाव्या वर्षी चाळीस देशांच्या राजधान्या मुखोद्गत करून घेतल्या होत्या. पाहुणे आले की बैठकीच्या खोलीत उभा राहून तो त्या न अडखळता म्हणून दाखवी आणि घरातील वडीलधारी मंडळी कौतुकाने मान डोलावीत. एके दिवशी सारी यादी म्हणून झाल्यावर, पाहुणे अजून चहा घेत असतानाच, त्याने माझ्याजवळ येऊन हळूच विचारले, "आई, तिथे माणसं राहतात का गं?" चाळीस राजधान्या शिकवताना मी त्याला एकही माणूस दाखवला नव्हता. ती चूक निदान नातवंडांच्या बाबतीत होऊ नये, या तळमळीने मी गेली काही वर्षे घरात जे करीत आले, त्यातील एक प्रयोग आज विस्ताराने सांगते.

नुकतीच महाशिवरात्र झाली. सकाळी स्वयंपाकघरात माझी सात वर्षांची नात सूप मांडीवर घेऊन भाजलेल्या शेंगदाण्यांची साले पाखडत बसली होती, शेजारी परातीत भिजवलेला साबुदाणा मोकळा करून ठेवला होता, आणि त्या टपोऱ्या दाण्यांकडे बराच वेळ पाहून तिने विचारले, "आजी, साबुदाण्याचं झाड केवढं असतं गं?" मुलाच्या तोंडून असा प्रश्न आपण होऊन येणे हा शिक्षणातील सोन्याचा क्षण असतो, आणि अशा वेळी स्वयंपाकाला अर्धा तास उशीर झाला तरी चालेल, पण उत्तर उद्यावर टाकू नये, असा माझा अनुभव आहे.

साबुदाण्याचे झाड नसते, कारण साबुदाणा हा मुळी दाणाच नव्हे. एका झुडपाच्या, रताळ्यासारख्या दिसणाऱ्या पण त्याहून पुष्कळ मोठ्या अशा मुळांतील सत्त्व काढून, ते ओलसर असतानाच झोळीसारख्या फडक्यात हलवून हलवून त्याच्या गोळ्या करतात आणि भाजून, वाळवून त्या बाजारात धाडतात. तमिळनाडूतील सेलम हा या धंद्याचा मुलूख, आणि दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा माल बंद पडल्यामुळे तो तिथे उभा राहिला. हे शब्दांनी सांगून मुलाला पटणार नाही, म्हणून मी तिच्यापुढे दोन कच्चे बटाटे आणि किसणी ठेवली. बटाटे किसून, पाण्यात चांगले कोळून, फडक्यातून पिळून ते गढूळ पाणी वाडग्यात स्थिर ठेवले की अर्ध्या-पाऊण तासात तळाशी पांढरे शुभ्र सत्त्व बसते. वरचे पाणी हलकेच ओतून दिल्यावर ते बोटाला लागते तेव्हा खडूसारखे करकरते. नातीने ते बोटांत चोळून पाहिले, परातीतला एक साबुदाणा चिरडून दुसऱ्या बोटावर घेतला, आणि दोन्ही बोटे माझ्यासमोर धरली. सेलमच्या कारखान्यात काय चालते ते तिला त्यानंतर सांगावे लागले नाही.

पण खरी हकीकत याच्याही मागे आहे. साबुदाण्याचा हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि त्याच्या कडू जातीत असे विष असते की तो कच्चा खाणाऱ्याच्या जिवावर बेतावे. अमेझॉन नदीच्या खोऱ्यातील रानात राहणाऱ्या लोकांनी, ज्यांना आपली जुनी पाठ्यपुस्तके खुशाल रानटी म्हणत असत त्यांनी, तो किसून, वेताच्या विणलेल्या लांबट नळीत भरून, ती नळी ताणून त्यातला विषारी रस पिळून काढण्याची आणि उरलेला चोथा भाजून खाण्याची युक्ती शोधून काढली. आणि ती शोधताना किती पिढ्यांनी किती बारकाईने निरीक्षण केले असेल, याचा विचार केला की मन आदराने भरून येते. मुलीला मी एवढेच सांगितले की तुझ्या ताटातली खिचडी त्या लोकांच्या हुशारीवाचून झाली नसती. परदेशाची पहिली ओळख जर अशी, कोणाच्या तरी हातांच्या कर्तबगारीतून झाली, तर पुढे त्या देशाविषयी तुच्छतेचा शब्द त्या मुलाच्या तोंडी सहसा येत नाही. मला या सगळ्या खटाटोपातून साधायचे आहे ते एवढेच, आणि नद्या-पर्वतांची नावे त्यामागून आपोआप येतात.

त्या दिवशी आम्ही ताटातील एकेक जिन्नस वेगळा काढला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरची अमेरिका खंडातलीच, आणि बटाटा पेरू व बोलिव्हिया या देशांतील अँडीज पर्वताच्या उंच पठारांवरचा. हे सारे जिन्नस, 1492 साली कोलंबस अटलांटिक महासागर ओलांडून गेल्यानंतर, पोर्तुगीज आदी दर्यावर्दी लोकांच्या गलबतांतून पूर्वेकडे आले. तेव्हा 1290 साली ज्ञानेश्वरी पुरी झाली त्या काळी एकादशीचा उपवास करणाऱ्या वारकऱ्याच्या ताटात यांपैकी काहीही असणे शक्य नव्हते. वरी मात्र इकडचीच, जुनी. जे अन्न आपण परंपरेचे म्हणून, सोवळ्याने, देवापुढे ठेवतो त्यातील निम्मेअधिक समुद्रापलीकडून आलेले आहे, ही गोष्ट काहींना खटकते असे मी पाहिले आहे. मला मात्र त्यात आपल्या पूर्वजांचा मोठेपणा दिसतो, की परक्या मुलखातील कंद त्यांनी नुसता बाजारात घेतला नाही, तर देव्हाऱ्यापर्यंत नेला.

बटाट्याच्या संदर्भात आणखी एक दाखला या दिवसांत फार उपयोगी पडतो. शिवरात्र सरली की आपल्याकडे वाळवणाची धांदल सुरू होते. गच्चीवर बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या चिकवड्या आणि पापड यांच्या राखणीला मुलांना बसवतात. अँडीजच्या पठारावर ऊन आपल्यासारखे कडक असले तरी रात्री पाणी गोठते, म्हणून तिथली कुटुंबे लहान बटाटे रात्री दहिवरात पसरून गोठवतात, दिवसा उन्हात पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढतात, आणि असे काही दिवस केल्यावर जो हलका, वाळका बटाटा होतो तो वर्षानुवर्षे टिकतो. त्याला ते 'चुन्यो' म्हणतात. गच्चीवर कावळे हाकलीत बसलेल्या मुलाला हे सांगावे, आणि बटाट्याच्या दोन चकत्यांपैकी एक बर्फाच्या कप्प्यात आणि दुसरी उन्हात दोन दिवस ठेवून, कोणत्या चकतीतून पाणी अधिक सुटते ते त्याच्याकडूनच पाहवून घ्यावे.

या सर्वांत मुलांना सर्वाधिक आवडलेला प्रयोग राजगिऱ्याचा. खसखशीहून किंचित मोठा असा हा दाणा कढई कडकडीत तापल्यावर एका वेळी चिमूटभरच टाकावा आणि मलमलीच्या बोळ्याने भराभर फिरवावा. क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम बारीक तडतड होऊन कढईच्या तळाशी पांढरी फुले उमलतात, आणि ती तत्काळ ताटात काढली नाहीत तर करपतात. कढईपाशी मोठ्या माणसानेच बसावे. मुलांनी फुललेला राजगिरा चाळून न फुललेले दाणे बाजूला करावे. गुळाचा पाक झाला, त्यात लाह्या मिसळल्या, तुपाचा हात लावलेल्या ताटात थापल्या, आणि वड्या पाडण्यासाठी सुरी हातात घेतली की मग गोष्ट सांगावी.

मेक्सिकोतील आजटेक लोक राजगिऱ्याच्या जातीचे हेच धान्य पिकवीत. त्याच्या पिठात मधासारखा गोड रस मिसळून ते देवांच्या मूर्ती घडवीत आणि सणाच्या अखेरीस त्यांचा प्रसाद वाटून खात. 1521 साली स्पॅनिश सैन्याने त्यांची राजधानी घेतली, आणि जिंकणाऱ्यांना ही पूजा मान्य नसल्यामुळे तिच्याबरोबर या धान्यावरही गदा आली. पण खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांनी ते टाकले नाही. आजही मेक्सिकोच्या बाजारात राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा उसाच्या गुळात घोळून केलेल्या वड्या विकायला असतात आणि त्यांना 'आलेग्रिया' म्हणतात. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ 'आनंद'. आपल्या नातीने केलेली वडी आणि तिथल्या एखाद्या आजीने केलेली वडी दोन ताटांत ठेवली तर कोणती कोणाची हे सांगता येणे कठीण, आणि दोघींच्या मध्ये मात्र अर्धी पृथ्वी.

ही अर्धी पृथ्वी दिसावी म्हणून गोल हवा. बाजारातील गोलावर नावांची इतकी गर्दी असते की लहान मुलाला त्यातून काहीच वेगळे दिसत नाही. मारिया मॉन्टेसोरी यांच्या बालगृहातील पहिल्या गोलावर नावे नसतातच. जमीन खरखरीत आणि पाणी गुळगुळीत, एवढाच भेद, तोही बोटांनी ओळखायचा. 1939 साली त्या मद्रासजवळ अड्यारला आल्या, युद्धामुळे पुढे काही वर्षे भारतातच राहिल्या, आणि त्यांची पद्धती इकडे रुजली. पण तिची महागडी साधने गरीब घरांना परवडणारी नव्हती, आणि बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शंखशिंपले अशा भोवतालच्या वस्तूंतूनच साधने घडवून ती अडचण दूर केली. त्यांचाच मार्ग धरून आम्ही एका जुन्या चेंडूला निळा रंग दिला, खंडांच्या आकारात खळ लावून तीवर बारीक वाळू पसरली, आणि वाळल्यावर उरलेली झटकून टाकली. आकार तंतोतंत नव्हते. अमेरिका जरा फुगली होती. त्या चेंडूवर मेक्सिकोच्या जागी राजगिऱ्याचे चार दाणे, अँडीजच्या जागी बटाट्याची साल आणि मुंबईच्या जागी तांदळाचा दाणा चिकटवून, त्यांना लोकरीच्या धाग्याने जोडले. धागा पूर्वेकडे, आणि समुद्रावरूनच न्यायचा, अशी अट घातल्यामुळे आफ्रिकेला वळसा घालावा लागला, आणि वास्को द गामा 1498 साली कालिकतला कोणत्या वाटेने आला ते मुलांना न सांगताच कळले.

एका गोष्टीविषयी मात्र मला कळकळीने सांगावेसे वाटते. घरी देशांची ओळख करून देताना कागदाच्या टोप्या आणि रंगीत पोशाख यांचा मोह आवरावा. हॉलंड म्हणजे लाकडी बूट, जपान म्हणजे किमोनो, अशी एक देश, एक वेष ही समजूत एकदा मुलाच्या मनात बसली की ती काढणे फार कठीण जाते, आणि त्याला तिथला माणूस सदैव नाटकातल्या पात्रासारखा वाटत राहतो. त्याऐवजी तिथले मूल सकाळी उठून काय करते हे सांगावे. जपानी शाळांतील मुले आपला वर्ग स्वतः झाडतात, पुसतात, आणि दुपारचे जेवण पाळीपाळीने एकमेकांना वाढतात. आमच्या घरी एक आठवडा नातवंडांनी तसेच वाढले. पहिल्या दिवशी आमटी सांडली, चौथ्या दिवशी धाकट्याने आपल्या वाढणीची पाळी कोणालाही द्यायला नकार दिला.

आणि कधीतरी मुलांना हेही सांगावे की आपणही कोणाच्या तरी नकाशावर दूरचे आहोत. कोकणात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेलेले बेने इस्रायल लोक पुढे मोठ्या संख्येने इस्रायलला गेले; तिथे आजही त्यांच्या घरी संदेष्टा एलियाहू याच्या नावाने मलिदा होतो, आणि त्यात भिजवलेले पोहे, खोबरे, साखर आणि फळे असतात. तिथल्या शेजारच्या मुलाला जर कोणी 'पोहे कुठले?' असे विचारले, तर त्याच्या चेंडूवर धागा रायगड जिल्ह्यात येईल.

पुढील लेखांक इराणातील नवरोजाविषयी आहे. तो सण येत्या 20 किंवा 21 मार्चला येतो, आणि त्यासाठी घरोघर थाळीत गहू उगवतात, जसे आपण नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतो. वाचकांनी कृपा करून या आठवड्यातच मूठभर गहू रात्रभर भिजत घालावे, सकाळी निथळून पसरट थाळीत एकसारखे पसरावे, वर ओले फडके झाकावे, आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडण्याचे काम घरातील सर्वांत लहान मुलाकडे सोपवावे. दोन-तीन दिवसांत कोंब दिसू लागले की फडके काढून थाळी उजेडात ठेवावी. पुढच्या अंकापर्यंत ते बोटभर उंच झालेले असतील.